डोकी किती आणि चूल केवढी?

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

प्रास्ताविक

संयुक्त राष्ट्रसंघाच्या गणनेप्रमाणे १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या आठशे कोटी झाली. पुढल्याच वर्षी भारताने चीनला मागे टाकले आणि लोकसंख्येच्या बाबतीत आपला देश जगात पहिला आला. यंदा अर्थशास्त्राच्या तासाला हे आकडे निघाले, तेव्हा वर्गातील बहुतेकांचे मत एकच पडले. जंगले तुटतात, हवा बिघडते, पाऊस लहरी होतो, या साऱ्याचे मूळ म्हणजे वाढती लोकसंख्या. खाणारी तोंडे वाढली की निसर्ग संपणारच.

हे मत ऐकायला सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ते पूर्ण सत्य आहे काय? चंद्रपूर जिल्ह्यातील धान पिकवणाऱ्या एका गावात माझे घर आहे. त्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. "लोकसंख्या वाढवणारे लोक" असे कोणी म्हणते तेव्हा तो उल्लेख आमच्यासारख्या गावांचाच असतो, हे मला समजते. म्हणूनच हा प्रश्न भावनेने न सोडवता हिशेबाने सोडवून पाहावा असे वाटले. हा लेख म्हणजे तो हिशेब.

जुना वाद

या वादाचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. १७९८ साली माल्थसने आपला लोकसंख्येवरील प्रसिद्ध निबंध लिहिला. लोकसंख्या भूमितीश्रेणीने वाढते, अन्न मात्र गणितश्रेणीने वाढते, म्हणून उपासमार अटळ आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. १९६८ साली अमेरिकेत पॉल एर्लिक यांनी 'द पॉप्युलेशन बॉम्ब' हे पुस्तक लिहून तीच भीती नव्याने मांडली. १९७२ मध्ये 'वाढीच्या मर्यादा' या अर्थाच्या नावाचा अहवाल 'क्लब ऑफ रोम'साठी प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर पहिली मोठी जागतिक परिषद भरली. तेथे श्रीमती इंदिरा गांधी यांनी श्रीमंत राष्ट्रांसमोर एक वेगळाच प्रश्न ठेवला. दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत काय, असा त्याचा आशय होता.

या वादात एक मौजेची पैजही लागली. ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९८० साली एर्लिक यांना आव्हान दिले. तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन हे पाच धातू ठरले. लोकसंख्या वाढून वस्तूंची टंचाई होणार असेल तर दहा वर्षांत यांच्या किमती वाढायला हव्यात. १९९० साली, महागाई वजा करून पाहिले असता, किमती उतरल्या होत्या. एर्लिक यांनी ५७६ डॉलर ७ सेंटचा धनादेश सायमन यांना पाठवला.

पैज सायमन जिंकले, पण त्यामुळे प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. तांब्याला बाजारात किंमत आहे. ते महाग झाले की माणूस काटकसर करतो, नवी खाण शोधतो किंवा दुसरा धातू वापरतो. हवेला अशी किंमत नाही. धूर सोडणाऱ्याकडे कोणी पैसे मागत नाही, त्यामुळे हवा संपत आली तरी बाजाराला त्याची वार्ता लागत नाही. धातूंच्या पैजेवरून हवेचे भवितव्य सांगता येणार नाही.

एक गुणाकार

१९७० च्या दशकाच्या आरंभी एर्लिक व जॉन होल्ड्रेन एका बाजूला आणि बॅरी कॉमनर दुसऱ्या बाजूला असा वाद रंगला. एर्लिक-होल्ड्रेन यांचा भर लोकसंख्येवर होता, तर कॉमनर यांचा भर सदोष तंत्रावर. या वादातून एक साधे सूत्र पुढे आले. ते मराठीत असे मांडता येईल :

निसर्गावरील भार = माणसांची संख्या × दरडोई उपभोग × तंत्राचा गुणक

तंत्राचा गुणक म्हणजे एकेका वस्तूचा उपभोग घेताना निसर्गाची किती हानी होते त्याचे माप. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की ही बेरीज नसून गुणाकार आहे. बेरजेत एक आकडा दुसऱ्यावर अवलंबून नसतो. गुणाकारात मात्र प्रत्येक आकडा दुसऱ्याला फुगवतो किंवा आवरतो. म्हणून "दोष लोकसंख्येचा की उपभोगाचा" हा प्रश्न विचारणे म्हणजे शेताचे क्षेत्रफळ लांबीमुळे आहे की रुंदीमुळे, असे विचारण्यासारखे आहे.

आता हे सूत्र लावून पाहू. १९५० साली जगाची लोकसंख्या सुमारे २५० कोटी होती. आज ती ८०० कोटींच्या वर आहे, म्हणजे तिपटीहून थोडी अधिक. कोळसा, तेल, वायू व सिमेंट यांपासून बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड १९५० साली वर्षाला सुमारे ६०० कोटी टन होता. आता तो ३,७०० कोटी टनांच्या वर गेला आहे, म्हणजे सहापटीहून अधिक. माणसे तिप्पट आणि माणशी धूर जवळजवळ दुप्पट, असा हा गुणाकार आहे. तेव्हा लोकसंख्येचा यात काहीच वाटा नाही असे म्हणणाऱ्यांचाही पक्ष टिकत नाही.

परंतु सरासरी ही फसवी असते. नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे म्हणून कोणी डोळे मिटून पाण्यात उतरत नाही. आफ्रिका खंडात जगातील जवळजवळ १८ टक्के माणसे राहतात, पण जगाच्या कार्बन उत्सर्जनात त्या खंडाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपासच आहे. वर्षाला दरमाणशी उत्सर्जन अमेरिकेत १४ टनांच्या वर, चीनमध्ये सुमारे ८ टन आणि भारतात सुमारे २ टन आहे. डोकी जेथे वाढली तेथे धूर कमी, आणि धूर जेथे जास्त तेथे डोकी फारशी वाढली नाहीत, असे हे चित्र दिसते.

अदृश्य गडी

टनांचे आकडे कला शाखेच्या विद्यार्थ्याला पटकन आकळत नाहीत. म्हणून मी एक दुसरे माप घेतले.

विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. माणसाला दिवसाला सुमारे २,१५० किलोकॅलरी अन्न लागते असे धरले तर ती अडीच युनिटे झाली. म्हणजे माणूस हे दिवसाला अडीच युनिटे खाणारे यंत्र आहे. यातून काम किती निघते? धडधाकट गडी आठ तास राबला तर त्याच्या अंगमेहनतीचे काम अर्ध्या-पाऊण युनिटाच्या आतबाहेर भरते. एक अश्वशक्तीची मोटर तेवढे काम तासाभरात करते. बांधावर दिवसभर कुदळ मारणाऱ्या माणसाच्या कष्टाचे हे मोल पाहून मन थोडे खिन्न होते, पण हिशेब हिशेबच असतो.

आता कोळसा, तेल, वायू, वीज अशी जी विकत मिळणारी ऊर्जा देश वापरतो ती माणशी वाटून पाहू. जळाऊ लाकूड यात धरलेले नाही. ढोबळमानाने भारतात माणशी दिवसाला २० युनिटे, जगाच्या सरासरीने ६० युनिटे आणि अमेरिकेत २१० युनिटे पडतात. प्रत्येकी अडीच युनिटे खाणारा गडी धरला तर भारतीय माणसाच्या मागे ८ अदृश्य गडी उभे आहेत, अमेरिकन माणसाच्या मागे ८४. भारताच्या १४३ कोटी माणसांमागे सुमारे १,१४४ कोटी गडी होतात, आणि अमेरिकेच्या ३४ कोटी माणसांमागे सुमारे २,८५६ कोटी. लोकसंख्या मोजताना आपण या गड्यांना मोजतच नाही. पण त्यांचेही खाणे आहे. ते भात खात नाहीत, कोळसा आणि तेल खातात, एवढाच फरक.

माल्थसचे भाकीत का चुकले, याचेही उत्तर येथेच आहे. हे अदृश्य गडी शेतात उतरले. हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याची रीत १९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत दाखवली आणि १९१३ साली कार्ल बॉश यांच्या देखरेखीखाली तिचा कारखाना सुरू झाला. आज जगातील जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या कृत्रिम नत्रखतावर पिकते असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात थळ येथील कारखान्यात युरिया तयार होतो तो नैसर्गिक वायूपासून. म्हणजे आपल्या ताटातील भातात मातीचा, पावसाचा आणि बैलाचा जसा अंश आहे, तसा भूगर्भातील वायूचाही आहे. लोकसंख्या वाढली म्हणून ऊर्जा लागली आणि ऊर्जा मिळाली म्हणून लोकसंख्या वाढू शकली. ही दोन चाके एकाच आसावर आहेत. अन्नाची टंचाई टळली, पण तिचे देणे हवेच्या खात्यावर लिहिले गेले. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे २८० भाग होते. १९५८ साली हवाईतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. २०२४ साली त्यांनी ४२० चा आकडा ओलांडलेला होता.

आपल्या जिल्ह्याचा हिशेब

जागतिक प्रश्न म्हटला की तो दूर कोठेतरी असतो असे वाटते. परंतु लोकसंख्या, ऊर्जा आणि निसर्ग या तिघांची गाठ चंद्रपूर जिल्ह्याइतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसेल. येथे जमिनीखाली कोळसा आहे, जमिनीवर जंगल आहे, जंगलात वाघ आहे आणि जंगलाच्या कडेला माणूस आहे.

चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळशापासून एक युनिट वीज करायला साधारणपणे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. त्यातून किलोभराच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो आणि पाव किलोच्या आसपास राख मागे राहते. कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांशाचीच वीज होते, बाकीची वाफेच्या व धुराच्या रूपाने वाया जाते. ही वीज सारी येथेच वापरली जात नाही. चंद्रपूरपासून कल्याणजवळील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी उच्च दाबाची वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. प्रकाश पश्चिमेकडे जातो आणि राख पूर्वेकडे राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा तीत चंद्रपूर होते. त्याला चंद्रपूरच्या माणसांची संख्या कारण नव्हती.

आता याच जिल्ह्यातील दुसरी चूल पाहू. आमच्या घरी गॅसचा सिलिंडर आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे आता पुष्कळ घरांत तो आला आहे. पण चहा आणि घाईचा स्वयंपाक गॅसवर, आणि भात, अंघोळीचे पाणी व बैलांचे आंबोण चुलीवर, अशी वाटणी बहुतेक घरांत आढळते. कारण सिलिंडर पुन्हा भरायला रोख रक्कम लागते, मोळीला फक्त बाईचे कष्ट लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील १०० पैकी ४३ घरेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी आढळली.

येथे तंत्राचा गुणक डोळ्यांसमोर येतो. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी आठवा भागही भांड्याला लागत नाही, गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक लागते. हे धरून हिशेब केला तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करायला सुमारे २०० किलो लाकूड जाळावे लागते. डोक्यावरची मोळी वीस किलोची धरली तर दहा मोळ्या. गरीब माणूस ऊर्जा कमी वापरतो हे खरे, पण दारिद्र्यामुळे त्याला ती उधळावीही लागते, हेही तितकेच खरे आहे.

दहा मोळ्या म्हणजे जंगलाच्या दहा फेऱ्या. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. वाघ वाचला, वाढला, याचा मला अभिमान वाटतो. पण वाघ प्रकल्पाची हद्द ओळखत नाही, आणि सरपण, मोहफुले व तेंदूपत्ता यांसाठी जाणाऱ्या बाईलाही जंगलावाचून गत्यंतर नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. माझी आई आठवड्यातून दोनदा सरपणाला जाते. ती घरी येईपर्यंत आजी उंबरठ्यावर बसून राहते. "शाश्वत विकास" हा शब्द मी महाविद्यालयात येऊन शिकले, पण त्याचा अर्थ आजीच्या त्या बसण्यात मला दिसतो. माणसाची गरज आणि निसर्गाची धारणा यांची तडजोड झाली नाही तर एक बळी जंगलाचा जातो किंवा माणसाचा.

लोकसंख्या कशाने आवरते?

सूत्रातील पहिल्या आकड्याकडे परत वळू. तो आवरण्याचा विचार महाराष्ट्रात फार लवकर झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. समाजाने त्यांचा छळ केला, पण ते मागे हटले नाहीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यासाठीचे भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना त्याच बाबासाहेबांनी वीजविकासाच्या धोरणाची पायाभरणी केली. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांवाचून शेतीवरील माणसांचा भार हलका होणार नाही, अशी त्यांची १९४३ मधील मांडणी होती. लोकसंख्या आणि ऊर्जा हे दोन प्रश्न एकाच दारिद्र्याच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी इतक्या आधी ओळखले होते.

याउलट सक्तीचा मार्गही याच महाराष्ट्रात आजमावला गेला. १९७६ साली आणीबाणीत आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. सक्तीवाचून काय घडले ते पाहण्याजोगे आहे. केरळने मुलींचे शिक्षण आणि गावोगावची आरोग्यसेवा यांच्या बळावर १९९० च्या आधीच दर स्त्रीमागे दोन मुलांपर्यंत मजल मारली. २०१९-२१ च्या पाहणीत भारताचा हा आकडा २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आढळला. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्याही खाली आलो आहोत. माझ्या आजीला सात मुले झाली, आईला तीन, आणि माझ्या वर्गमैत्रिणी एक-दोनचीच गोष्ट बोलतात. यात कोणी कोणावर सक्ती केली नाही. जगलेली मुले, शिकलेल्या मुली आणि घरात आलेले दिवे यांनीच हे घडवले.

तरीही लोकसंख्या आणखी काही दशके वाढेल, कारण तरुणांची संख्या मोठी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे भारताची लोकसंख्या २०६० नंतरच्या दशकात सुमारे १७० कोटींवर जाऊन मग उतरू लागेल. तेव्हा या आकड्याचा मुख्य लगाम लागलेला आहे. राहिलेले काम उरलेल्या दोन आकड्यांचे आहे.

काटकसर आणि नवे तंत्र

पुष्कळांना वाटते की कमी वीज खाणारी यंत्रे आली की काम झाले. या आशेला १८६५ सालीच विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने इशारा दिला होता. वाफेचे इंजिन सुधारून कमी कोळशात चालू लागले, त्यामुळे कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला. इंजिन परवडू लागले म्हणून ते जागोजागी बसले. आजही तेच दिसते. एलईडी दिवा जुन्या दिव्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढीच वीज घेतो, पण त्यामुळे लग्नमंडपातील रोषणाई कमी झालेली नाही.

म्हणून तंत्र आणि संयम बरोबर चालले पाहिजेत. उजेडाचा इंधनखर्च नसलेला सूर्य आपल्याकडे भरपूर आहे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा आणि खरकट्यापासून घरगुती बायोगॅस अशी कामे केली. तिचे संस्थापक डॉ. आनंद कर्वे हे रघुनाथराव कर्व्यांचे पुतणे. काकांनी सूत्रातील पहिला आकडा हाती घेतला, पुतण्याने तिसरा. मधला आकडा, म्हणजे उपभोगाचा, तेवढा आपणा सर्वांसाठी शिल्लक राहिला आहे.

समारोप

या हिशेबातून मला तीन निष्कर्ष काढावेसे वाटतात. पहिला, लोकसंख्येचा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर मुलींच्या शाळेत आहे, धाकदपटशात नाही. दुसरा, सर्वांनी सारखीच काटकसर करावी हे म्हणणे न्यायाचे नाही. भात शिजवायला दहा मोळ्या वाहणाऱ्या बाईची ऊर्जा वाढली पाहिजे, आणि ज्याच्यामागे चौऱ्याऐंशी गडी राबतात त्याची कमी झाली पाहिजे. आपल्या देशातही अशी माणसे आहेत, आणि त्यांना शोधायला अमेरिकेत जावे लागत नाही. तिसरा, सिलिंडर पुन्हा भरण्याची ऐपत प्रत्येक घराला आली तर धूर, जंगल, वाघ आणि माणूस या चौघांचे एकदमच भले होईल. इतक्या थोड्या पैशांत इतके साधणारी दुसरी योजना मला दिसत नाही.

गुरुजनांनी आणि सहाध्यायांनी हा हिशेब तपासून पाहावा. पुढच्या वेळी वर्गात लोकसंख्येची चर्चा निघाली तर डोकी अवश्य मोजावीत, परंतु त्याबरोबर प्रत्येक डोक्यामागची चूल केवढी आहे, तीत काय जळते आणि ते कोण वाहून आणते, हेही विचारावे एवढीच विनंती.